वरची सीमा

दसऱ्याला दोन दिवस. मी वडगावच्या घरी,
आणि ज्या यंत्रातले कण मोजत बसले आहे
ते यंत्र अजून बांधलेलंच नाही.

बाबांना हे पटत नाही.
उद्यमबागेत तेहतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले भरमाण्णा,
मायक्रोमीटरच्या तीन टकटकींखेरीज
कशावरच विश्वास न ठेवणारे:
"पार्ट नाही, ड्रॉइंग नाही,
आणि तू रिजेक्शन कसलं काढूलीस गं?"

मी त्यांना बोगदा सांगते. नव्वद-एक किलोमीटरचा गोल.
इथं आणून टाकला तर बेळगावाला घासून निघेल,
खानापूरला वळसा घालून परत येईल.
"मग मधली जमीन कुणाची म्हणून
त्याच्यावरपण एक दावा पडेल की,"
म्हणतात, आणि चहा बशीत ओततात.

तीन बहिणी आहेत, बाबा.
विजेचा भार सारखा, वजन वेगळं.
थोरली टाऊ. फार जगत नाही.
मोडते, कधी धाकट्यांपैकी एक होऊन निघते,
पण दर वेळी हिशेबात काहीतरी कमी पडतं.
न दिसणारं कुणीतरी
वाटा उचलून भिंतीतून निघून गेलेलं असतं.
मी शोधते ती मोड वेगळी:
टाऊ गेली, म्यूऑन आला, सोबत प्रकाशाचा एक कण,
बस्स.
बेरीज पैशापर्यंत जुळलेली.
कुणीतरी बदललं आणि काहीच हरवलं नाही,
असं अजून कुणी पाहिलेलं नाही.

ओसरीत आत्या आपट्याच्या जुड्या बांधते आहे.
एकोणिसाव्या वर्षी हुक्केरीला दिली तेव्हा नीलावती होती.
संकेश्वरच्या अलीकडे की पलीकडे, कोण जाणे,
नीलव्वा झाली.
पत्रं आधी आठवड्याला यायची, मग दिवाळीला,
मग कानडीत, परक्या अक्षरात,
शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यावी लागायची.
वाटेत काय कमी पडलं
ते या घरात कुणी मोजलं नाही.
मोजायला काही नव्हतंही.

रात्री वीज गेली. गल्लीतले माग एकदम थांबले,
आणि बॅटरीवरच्या माझ्या पडद्यावर
दूरच्या संगणकाने पाठवलेलं उत्तर आलं:
शून्य.
सात-आठ फसवे तेवढे होते,
म्यूऑन एकीकडचा, प्रकाशकण भलतीकडचा,
लग्नाच्या फोटोत घुसलेल्या वाटसरूसारखा.
ते मी एकेक करून बाहेर काढले.

"शून्य म्हणजे नापास?"
नाही. शून्य आलं की वरची सीमा लिहायची:
याहून जास्त वेळा घडत असतं
तर आपल्याला दिसलं असतं.
सीमा म्हटल्यावर अंधारात बाबांची खुर्ची करकरली.
या घरात त्या शब्दाला सगळेच मान वर करतात.
"सरकली काय?"
सरकेल. यंत्र झालं तर. दहा पट खाली.
"कोर्टात न जाता," म्हणाले,
आणि बराच वेळ एकटेच हसत राहिले.

मेणबत्तीपाशी आत्या जुड्या मोजत होती.
ओंदु, एरडु, मूरु,
चार, पाच, सहा.
बोटं थांबली नाहीत.
मूरुच्या पुढे चारच आला,
मधला एकही आकडा गळला नाही.
मी पुन्हा कान दिला.
या खेपेला एकपासून दहापर्यंत सरळ मराठीत.

एक घटना पुरत नाही, हे मला माहीत आहे.
मला झोप आली असेल, मागांची घरघर
कानात उरली असेल, मीच ऐकायला टपले असेन.
तरी तारीख घातली, वेळ घातली,
नऊ वाजून बेचाळीस,
आणि वहीत लिहून ठेवलं.

"काय लिहूलीस?" आत्याने विचारलं.
काही नाही, म्हटलं. परत एकदा मोज ना.
"कशाला? बरोबर आहेत की."